स्टुडंट व्हिसावरून पार्टनर व्हिसा (ऑस्ट्रेलिया): अर्ज आत्ता करावा की थांबावं?

गोदाकाठची | २ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

मी मेलबर्नला मास्टर्स करते. शेवटचं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय, जूनमध्ये संपेल. स्टुडंट व्हिसा (५००) ३० ऑगस्टपर्यंत आहे. डिसेंबरमध्ये नाशिकला माझं लग्न झालं. नवरा इथलाच, पीआर (कायमचा रहिवासी) आहे. स्थळ त्याच्या मावशीने सुचवलं होतं. दोघंही मेलबर्नमध्येच, म्हणून पहिल्यांदा भेटलो ते फुटस्क्रे स्टेशनजवळ, कॉफीवर. वर्षभर भेटीगाठी झाल्या, मग दोन्ही घरच्यांनी तारीख धरली. जानेवारीपासून टार्नीटला एकत्र राहतोय.

आता पार्टनर व्हिसाचा (आधी तात्पुरता ८२०, मग कायमचा ८०१) अर्ज करायचा आहे आणि डोक्यात नुसता गुंता झालाय. वर्गातली एक मैत्रीण म्हणते, अर्ज केला की लगेच ब्रिजिंग व्हिसा (निकाल लागेपर्यंत इथे राहण्यापुरता) मिळतो, मग कामाच्या तासांची मर्यादा गेली आणि शेवटचा विषय सोडला तरी चालतं. नवऱ्याचा मित्र म्हणतो, आधी ४८५ (शिक्षण झाल्यावर काही काळ इथे राहून काम करायचा व्हिसा) घ्या, पार्टनरचं पुढच्या वर्षी बघा. त्यात नोव्हेंबरमध्ये, तुळशीचं लग्न झालं की माझ्या भावाचं लग्न आहे आणि मला जायचंच आहे.

सगळ्यात जास्त धास्ती एका गोष्टीची. एकत्र राहून जेमतेम दोन महिने झालेत. 'ठरवून केलेलं लग्न' म्हटलं की हे लोक संशयाने बघतात का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

चंद्रकोर | २ मार्च २०२५

लग्नाचं अभिनंदन गं! विषय सोडू नकोस. बाकीचं जाणकार सांगतीलच.

वेरिबीकर | २ मार्च २०२५

अभिनंदन. मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि या बाबतीत अर्धं खरं फार महागात पडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही इथे असताना, हातात चालू व्हिसा असताना ८२० चा अर्ज केला की ब्रिजिंग व्हिसा ए मंजूर होतो. ऑनलाइन अर्जात बहुतेक वेळा त्याच दिवशी पत्र येतं. पण मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. तुमचा स्टुडंट व्हिसा ३० ऑगस्टला संपेल तेव्हाच ब्रिजिंग लागू होईल. तोवर तुम्ही स्टुडंटच, आणि स्टुडंट व्हिसाच्या सगळ्या अटी तुम्हाला बांधील: कोर्सला नाव दाखल हवं, हजेरी-प्रगती हवी, आरोग्य विमा चालू हवा आणि कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम.

३१ ऑगस्टपासून ब्रिजिंग लागू झाला की कामावर मर्यादा नाही, शिकण्याची सक्ती नाही. खरं तर जूनमध्ये कोर्स पूर्ण झाला की तासांची अट तशीही सुटते. म्हणजे प्रश्न फक्त या चार महिन्यांचा आहे. चार महिन्यांसाठी डिग्रीवर पाणी सोडू नका.

तांबडा_पांढरा | ३ मार्च २०२५

वेरिबीकरांनी लिहिलंय त्याला जोडून आमच्या घरातलं उदाहरण सांगतो, कारण असं कुणाचं होऊ नये.

माझ्या मावसबहिणीने अर्ज केला, ब्रिजिंगचं पत्र आलं, आणि तिने दुसऱ्या दिवशीच कॉलेज सोडलं. फी वाचली म्हणून सगळे खूश. कॉलेजने नियमाप्रमाणे वर कळवलं. काही महिन्यांनी स्टुडंट व्हिसा रद्द का करू नये म्हणून नोटीस आली. ती नोटीस जुन्या ईमेलवर पडून राहिली. व्हिसा रद्द झाला. आणि ज्या व्हिसाच्या आधारावर ब्रिजिंग ए मिळाला तो रद्द झाला की ब्रिजिंग ए पण जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग ब्रिजिंग ई, कामाची परवानगी नाही, त्यासाठी वेगळा अर्ज, आर्थिक अडचणीचे कागद. भाऊजी एकट्याच्या पगारावर घर ओढत होते. पोरगी आठ महिने घरात बसून होती. पार्टनरचा अर्ज त्याने मेला नाही, शेवटी व्हिसा मिळाला, पण त्या आठ महिन्यांत तिचं वजन निम्म्यावर आलं म्हटलं तरी चालेल.

कुणी सांगितलं होतं कॉलेज सोडायला? असंच, एका वाढदिवसाच्या पार्टीत भेटलेल्या माणसाने.

गोदाकाठची | ३ मार्च २०२५

बापरे. विषय सोडत नाही. ईमेल पत्ता पण आत्ताच तपासला, युनिव्हर्सिटीचा दिला होता, तो बदलते.

मनमौजी | ३ मार्च २०२५

मी नवऱ्याच्या मित्राच्या बाजूने. आधी ४८५ घ्या. ८२० ची फी या वर्षी (२०२४-२५) ९,०९५ डॉलर आहे. ती भरून अर्ज नाकारला गेला तर एक पैसा परत येत नाही. दोन महिन्यांच्या संसाराचे पुरावे किती असणार? ४८५ वर वर्षभर राहा, दोघांच्या नावावर भाडेकरार, बिलं, बँक, सगळं साठू द्या, मग दणदणीत फाईल लावा. ४८५ हा ब्रिजिंग नाही, पूर्ण व्हिसा आहे. भावाच्या लग्नाला जाऊन यायलाही वेगळी परवानगी नको.

वेरिबीकर | ३ मार्च २०२५

मनमौजी, प्रवासाचा मुद्दा मान्य. पण दोन गोष्टी विसरताय. फी दर जुलैत वाढते. आणि ८०१ म्हणजे कायमच्या व्हिसाची दोन वर्षं अर्ज केल्या तारखेपासून मोजतात, ८२० मिळाल्यापासून नव्हे. एक वर्ष थांबलात तर पीआर एक वर्ष पुढे गेलं.

शिवाय यांचं लग्न झालंय. बारा महिने एकत्र राहण्याची अट लग्न न केलेल्या, डी फॅक्टो जोडप्यांना आहे. विवाहितांना ती नाही.

पॅरामाटा_पाटील | ४ मार्च २०२५

दोन्ही करता येतं हे कुणी बोललं नाही. आम्ही तेच केलं. माझ्या बायकोने जूनमध्ये ८२० लावला आणि कोर्सचा निकाल लागल्यावर ४८५ चाही अर्ज केला. खर्च जास्त, खरं आहे. पण एक कारण होतं. ब्रिजिंगवर असताना अर्ज नाकारला गेला तर कलम ४८ आडवं येतं, म्हणजे इथे बसून दुसरे बहुतेक व्हिसा मागता येत नाहीत. हातात पूर्ण व्हिसा असेल तर ती अडचण नाही. नाकारल्यानंतर ट्रायब्यूनलकडे दाद मागता येते (२०२४ च्या ऑक्टोबरपासून जुन्याच्या जागी एआरटी हे नवं ट्रायब्यूनल आलं), पण तिथली रांग वर्षांची आहे.

आमचा अर्ज नाकारला गेला नाही. पैसे वाया गेले का? बायको म्हणते, त्या वर्षी शांत झोप लागली, तेवढ्याचे पैसे.

४८५ साठी वयाची अट आता बहुतेकांना ३५ पर्यंत आहे आणि इंग्रजीची परीक्षा ताजी लागते, तेवढं बघा.

नागपुरी_संत्रं | ४ मार्च २०२५

नऊ हजार डॉलर! एवढ्यात आमच्याकडे पाचशे पानांची पंगत उठते, वर सावजी वेगळं.

कृष्णाकाठ | ४ मार्च २०२५

आता पुराव्यांचं सांगते. आमचंही कांदेपोहे लग्न. सांगली ते सिडनी. २०२२ साली अर्ज केला, १४ महिन्यांत ८२० आला आणि नंतर ८०१ ही.

ठरवून केलेल्या लग्नावर हे लोक संशय घेतात ही भीती काढून टाक. भारतीय उपखंडातल्या हजारो फायली यांच्या टेबलावरून जातात. त्यांना बघायचं असतं ते चार अंगांनी: पैसा, घर, समाज, आणि एकमेकांशी बांधिलकी. प्रेम कसं जमलं हे ते विचारत नाहीत, संसार खरा आहे का हे विचारतात.

पैसा म्हणजे नुसतं जॉइंट खातं उघडून त्यात शंभर डॉलर ठेवणं नव्हे. त्या खात्यातून भाडं जातंय, किराणा जातोय, वीज बिल जातंय, दोघांचा पगार येतोय, असं दिसलं पाहिजे. माझ्या नवऱ्याने सुपरमध्ये (नोकरीतल्या निवृत्ती निधीत) वारस म्हणून आईचं नाव काढून माझं लावलं, त्याचा कागद जोडला. (सासूबाईंना आधी फोन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, अगं लाव की, ते तुझंच आहे.)

घर म्हणजे कोण काय करतं. आमच्यासाठी ८८८ (ओळखीच्यांनी नात्याबद्दल द्यायच्या निवेदनाचा फॉर्म) लिहून देणाऱ्या शेजारच्या काकूंनी लिहिलं होतं की "रात्री भांडी तो घासतो, ही पोळ्या करते, शनिवारी दोघं मिळून भाजी आणतात आणि कोथिंबिरीवरून भांडतात." मला वाटलं हे काय लिहिलं! पण वकिलीणबाईंनी सांगितलं, हेच ठेवा. "मी या जोडप्याला ओळखते, ते सुखी आहेत" हे तर कुणीही लिहितं.

८८८ किमान दोन हवेत, लिहिणारे ऑस्ट्रेलियन नागरिक किंवा पीआर असावेत, आणि त्यांना तुम्ही दोघंही माहीत असावेत. मंडळाच्या गणपतीत एकदा दिसलेल्या माणसाकडून घेऊ नकोस.

आसावरी_प | ४ मार्च २०२५

कृष्णाकाठ, अनुमोदन. फक्त एक. दोघं आपापलं निवेदन लिहाल तेव्हा तारखा एकमेकांना दाखवून घ्या. कथा एकसारखी करू नका, शब्द ज्याचे त्याचे असू द्या, पण तारखा जुळल्या पाहिजेत. आमच्यात मी 'लग्न ठरलं' म्हणून सुपारी फुटली तो दिवस लिहिला आणि नवऱ्याने साखरपुड्याचा. सात आठवड्यांचा फरक. केस ऑफिसरने स्पष्टीकरण मागितलं. सुपारी फुटणं म्हणजे काय हे इंग्रजीत लिहायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला.

गोदाकाठची | ४ मार्च २०२५

आसावरीताई, आमचीही नेमकी हीच गत आहे! मी बैठकीची तारीख धरतेय आणि हा रोक्याची.

मालवणी_मेवा | ५ मार्च २०२५

नावाचं बघितलंस का? लग्नात तुझं नाव बदललं का?

विचारतेय कारण माझं बदललं. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात. पत्रिकेत माहेरचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि पुढे 'विवाहानंतरचे नाव', पासपोर्टवर माहेरचं, मधलं नाव वडिलांचं. नणंदेने लिहून दिलेल्या पत्रात सासरचं नाव. बाहेरच्या माणसाला वाटेल तीन बायका आहेत.

पासपोर्टवरचं नाव तेच सगळीकडे ठेव. बदलायचंच असेल तर व्हिसा हातात आल्यावर. आणि अर्जात 'इतर नावं' विचारतात तिथे सासरचं नाव नक्की लिही. लपवलं असं वाटायला नको.

गोदाकाठची | ५ मार्च २०२५

नाव बदललं नाही, तांदळात माझंच नाव लिहिलं त्याने. 🙂 पण नोंदणीचा दाखला पूर्ण मराठीत आहे. नाशिक महापालिकेचा. त्याचं काय?

वेरिबीकर | ५ मार्च २०२५

भाषांतर लागेल. इथे करून घेतलंत तर नाटी (भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणारी इथली संस्था) प्रमाणित भाषांतरकाराकडून. भारतात करून घेतलंत तर नाटीची सक्ती नाही, पण भाषांतरावर त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लिहिलेली हवी. मूळ आणि भाषांतर दोन्ही जोडायचं.

पत्रिकेचं भाषांतर करत बसू नका, फोटोबरोबर एका ओळीत कुठला समारंभ ते लिहिलं तरी पुरे. फोटो पंधरा-वीस बस, पण वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे. एकाच लग्नाचे दोनशे नकोत.

समुद्रपक्षी | ७ मार्च २०२५

धागा विवाहितांचा आहे तरी लिहितो, कारण माझ्यासारखे वाचणारे असतील.

मी आणि माझा जोडीदार दोघंही पुरुष. मी मराठी, तो इथलाच. २०१९ ला मी स्टुडंट व्हिसावर असताना आम्ही एकत्र राहायला लागलो. लग्न इथे डिसेंबर २०१७ पासून कायदेशीर आहे, पण मी तेव्हा लग्नाला तयार नव्हतो, कारण सोलापूरला घरी काहीच माहीत नव्हतं. व्हिसा संपायला सात महिने उरले होते आणि बारा महिन्यांची डी फॅक्टो अट पूर्ण होत नव्हती. तेव्हा एका मोफत कायदा केंद्रातल्या वकिलाने सांगितलं की व्हिक्टोरियात नात्याची नोंदणी होते, जन्म-मृत्यू-विवाह कार्यालयात. नोंदणी केली की बारा महिन्यांची अट लागत नाही. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि कॅनबेरातही ही सोय आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नाही, पर्थला असाल तर लक्षात ठेवा.

अडचण आली ती 'समाज' या अंगाची. पुरावा मागतात की तुमच्या घरच्यांना, मित्रांना हे नातं माहीत आहे. माझ्या घरच्यांना माहीत नव्हतं. मी निवेदनात खरं लिहिलं. का सांगितलं नाही, सांगितलं तर काय होईल, आईची तब्येत, गाव, सगळं. इथल्या मित्रांनी आणि ऑफिसातल्या दोघींनी ८८८ दिली. अर्ज मंजूर झाला. खरं लिहिलं म्हणून काही बिघडलं नाही, हे मुद्दाम सांगतो.

२०२३ ला आईला सांगितलं. गेल्या दिवाळीत तिने दोघांसाठी फराळ पाठवला. डब्यावर त्याचंही नाव होतं.

कृष्णाकाठ | ७ मार्च २०२५

समुद्रपक्षी, फराळाचं वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार.

तांबडा_पांढरा | ७ मार्च २०२५

+१. भारी लिहिलंयस भावा.

सोनचाफा७ | ९ मार्च २०२५

थोडं वेगळं विचारते. माझा भाऊ ब्रिस्बेनला, नागरिक आहे. मेमध्ये पुण्यात लग्न. सासरचे म्हणतात, वहिनीला टुरिस्ट व्हिसावर घेऊन जा आणि तिथून अर्ज करा, म्हणजे दोघं वेगळे राहणार नाहीत. चालतं का?

वेरिबीकर | ९ मार्च २०२५

व्हिसाच्या पत्रावर ८५०३ ही अट आहे का ते आधी बघा. 'नो फर्दर स्टे'. ती असेल तर इथे राहून पार्टनरचा अर्ज करता येत नाही. भारतातून येणाऱ्या बऱ्याच टुरिस्ट व्हिसांवर ती लावलेली दिसते. उठवण्याची विनंती करता येते, पण व्हिसा मिळाल्यानंतर तुमच्या हाताबाहेरची, फार गंभीर परिस्थिती उद्भवली असेल तरच. लग्न झालं किंवा दिवस गेले, ही कारणं साधारणपणे मानत नाहीत, कारण ती हाताबाहेरची नव्हेत.

आणि अट नसली तरी, मनात कायमचं राहायचं ठरवून 'फिरायला येते' असं अर्जात लिहिणं मला पटत नाही. पुण्याहून ३०९ चा, म्हणजे बाहेरून करायच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज करा. फी तीच. तो चालू असताना वहिनी भेटीला म्हणून टुरिस्ट व्हिसा मागू शकते, तिथे ३०९ चा अर्ज केलाय हे उघड सांगून.

मनमौजी | ९ मार्च २०२५

'मला पटत नाही' हा नियम नव्हे वेरिबीकर. अट नसेल तर कायद्याने अर्ज करता येतो, आणि नवं लग्न झालेल्या दोघांनी वर्षभर वेगळं का राहावं? सरकारने लवकर निकाल दिले असते तर कुणी आडवाटेने गेलंच नसतं.

वेरिबीकर | ९ मार्च २०२५

कायद्याने येतो, ते मी नाकारलं नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि त्यात विवाह दाखल्याच्या सहा प्रती, शाळेचे दाखले आणि पीसीसी (पोलीस दाखला) निघालं तर प्रश्न विचारणारच. ते उत्तर त्या मुलीला एकटीला द्यायचं असतं, सासरच्यांना नाही. एवढंच म्हणणं.

ओटागोची_वाट | १० मार्च २०२५

आमच्या न्यूझीलंडमध्ये ठरवून केलेल्या लग्नांसाठी स्वतंत्र व्हिजिटर व्हिसा आहे, तीन महिन्यांचा. एकत्र राहून न झालेल्या जोडप्यांना पार्टनरशिपचे व्हिसा मिळणं अवघड, म्हणून ही सोय. आपल्या लग्नपद्धतीचं सरकारी नियमात नाव बघून गंमत वाटली होती.

टेम्सकाठी | १० मार्च २०२५

लंडनहून. आमच्याकडे व्हिजिटरवरून आतल्या आत बदलताच येत नाही, स्टुडंट किंवा वर्क व्हिसावरून येतं. पण उत्पन्नाची अट जीव घेते. ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड. केअर होममध्ये काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तेवढा पगार नाही, तिचा नवरा साताऱ्यात आणि ती इथे. ऑस्ट्रेलियात अशी ठरावीक रकमेची अट नाही ना?

पॅरामाटा_पाटील | १० मार्च २०२५

पार्टनर व्हिसाला नाही. फीमध्येच वसूल करतात.

निशिगंध | १४ मार्च २०२५

गोदाकाठची, तुझा संसार सुखाचा होवो. हे तुझ्यासाठी नाही, पण या धाग्यावर असायलाच हवं म्हणून लिहिते.

मीही स्टुडंट व्हिसावरून ८२० चा अर्ज केला होता. अर्ज केल्यानंतर पाच महिन्यांत घरात मारहाण सुरू झाली. प्रत्येक वेळी एकच वाक्य: "एक ईमेल टाकला तर उद्या परत जाशील." मी दीड वर्ष ते वाक्य खरं मानलं. माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, व्हिसा होईपर्यंत सहन कर.

ते वाक्य खोटं आहे. स्पॉन्सरने पाठिंबा काढून घेतला म्हणून अर्ज आपोआप संपत नाही. कौटुंबिक हिंसाचाराची वेगळी तरतूद आहे. नातं खरं होतं आणि त्या काळात हिंसा झाली हे दाखवलं, तर नातं तुटलं तरी कायमचा व्हिसा मिळू शकतो. कोर्टाचा आदेश असेल तर उत्तमच, नसेल तर शपथेवर निवेदन आणि डॉक्टर, समाजसेविका, पोलीस अशांचे कागद चालतात. हिंसा म्हणजे नुसतं मारणं नाही. पैसे काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, फोन तपासणं, धमकावणं हेही त्यात येतं.

मला हे माझ्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने सांगितलं. पाठीवरचा डाग बघून तिने दार लावलं आणि नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. मेलबर्नला इनटच नावाची संस्था स्थलांतरित बायकांसाठीच काम करते, त्यांच्याकडे वकीलही आहेत. देशभरात कुठेही असाल तर १८०० ७३७ ७३२, रात्रंदिवस. इंग्रजी जड जात असेल तर १३१ ४५० वर दुभाषी मागता येतो. जिवाला धोका असेल तर सरळ ०००.

स्वतःचा पासपोर्ट, विवाह दाखला आणि इमी अकाउंटचा (व्हिसा अर्जाच्या सरकारी ऑनलाइन खात्याचा) पासवर्ड प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवा. नवरा देवमाणूस असला तरी.

मला पीआर मिळालं. आता मी नर्सिंग करते.

चंद्रकोर | १४ मार्च २०२५

निशिगंध, तुझे आभार कसे मानू कळत नाही. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, तिला आत्ताच हा प्रतिसाद पाठवला.

मालवणी_मेवा | १४ मार्च २०२५

प्रत्येकीने आपला अर्ज आपण वाचलाच पाहिजे. माझा ह्यांनी भरला होता, मी सही केली होती. आज जाऊन उघडून बघते.

गोदाकाठची | १६ मार्च २०२५

निशिगंधताई, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी मिळून वाचला. अकाउंट माझ्याच नावाने, माझ्याच ईमेलवर काढलंय. नवऱ्यानेच म्हटलं, पासवर्ड मलाही सांगू नकोस.

आता ठरवलंय: कोर्स पूर्ण करायचा आणि ८२० जूनमध्येच. ४८५ चं निकालानंतर बघू. पीसीसी, मेडिकल कधी काढायचं?

पॅरामाटा_पाटील | १६ मार्च २०२५

घाई नको. पोलीस दाखला आणि मेडिकल साधारण बारा महिनेच धरतात. पहिल्याच दिवशी काढून ठेवलंत आणि निकाल पुढे गेला तर पुन्हा काढावं लागतं. भारताचं पीसीसी इथूनही काढता येतं. इथल्या फेडरल पोलिसांचा दाखला काढताना कारण म्हणून ३३ क्रमांक, म्हणजे इमिग्रेशनचा निवडा, नाहीतर दुसऱ्या कामाचा दाखला हातात येतो. नवऱ्यालाही लागेल, स्पॉन्सर म्हणून.

वेरिबीकर | १६ मार्च २०२५

आणि सल्ल्यासाठी कुणाला पैसे देणार असाल तर मारा (व्हिसा एजंटांची सरकारी नोंदणी) क्रमांक विचारा, सरकारी यादीत तो स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंट किंवा इथला वकील, यांच्याशिवाय पैसे घेऊन व्हिसाचं काम करणं बेकायदा आहे. आमच्या भागात एकाने दुकानाच्या मागच्या खोलीत ऑफिस थाटलं होतं, तीन कुटुंबांची फी घेऊन अर्जच भरले नव्हते. अर्ज भरल्याची पोचपावती स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

गोदाकाठची | २ जुलै २०२५

मंडळी, अर्ज गेला! २४ जूनला.

एक अनुभव सांगते, पुढच्यांना उपयोगी. कार्डाने भरलं तर वर सरचार्ज लागतो आणि एवढ्या रकमेवर तो चांगलाच जाणवतो. बीपेने (बँक खात्यातून बिल भरायची सोय) सरचार्ज नाही, पण पैसे पोचायला दिवस जातात आणि पैसे पोचेपर्यंत अर्ज दाखल धरत नाहीत. आम्ही बीपेने भरले, दोन दिवस जिवात जीव नव्हता. १ जुलैपासून फी ९,३६५ झाली आहे, म्हणजे शेवटच्या आठवड्यात बीपेच्या नादी लागू नका.

ब्रिजिंगचं पत्र आलं आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की सध्याचा व्हिसा संपल्यावर लागू. कोर्सही पूर्ण झाला, शेवटच्या विषयात डिस्टिंक्शन!

नागपुरी_संत्रं | २ जुलै २०२५

पेढे कुठं आहेत बाप्पा?

कृष्णाकाठ | ३ जुलै २०२५

मस्त! आता मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) अर्ज करून टाक. कायमच्या व्हिसाचा अर्ज केलाय आणि नवरा पीआर आहे, म्हणजे मिळतं. निळं कार्ड येईल. पण ३० ऑगस्टपर्यंत विद्यार्थी विमा बंद करू नकोस, ती स्टुडंट व्हिसाची अट आहे.

आसावरी_प | ३ जुलै २०२५

आणि पुरावे गोळा करणं थांबवू नकोस. दोन वर्षांनी ८०१ साठी पुन्हा सगळं मागतात. मी दर सहा महिन्यांनी बिलं, भाड्याच्या पावत्या, दोघांची तिकिटं एका फोल्डरमध्ये टाकत गेले. ज्यांनी नाही केलं ते शेवटच्या आठवड्यात दिवाळीचे फोटो शोधत बसतात.

गोदाकाठची | ४ जुलै २०२५

हो, फोल्डर केलंय. भावाच्या लग्नाचं राहिलं. ४८५ घेत नाही आहोत, खर्च झेपणार नाही. नोव्हेंबरमध्ये ब्रिजिंग ए वर असेन. मग?

वेरिबीकर | ४ जुलै २०२५

मग ब्रिजिंग बी. ए वर देश सोडलात की तो तिथेच संपतो, परत येता येत नाही. बी चा अर्ज ऑस्ट्रेलियात असतानाच करायचा आणि मंजुरी हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. बाहेरून मिळत नाही. कारण लिहा, पत्रिका जोडा. किती तारखेपर्यंत परत यायचं ते पत्रावर असतं, त्याच्या आठवडाभर आधीचं तिकीट काढा. विमानं रद्द होतात.

गोदाकाठची | ९ डिसेंबर २०२५

काल परत आलो. बी सप्टेंबरअखेर मागितला होता, ऑक्टोबरमध्ये मिळाला. मुंबईला चेक-इनच्या काउंटरवर मुलीने "व्हिसा कुठाय?" म्हणून थांबवलं, तिला ब्रिजिंग बी माहीत नव्हता. मंजुरीचं पत्र छापून नेलं होतं ते दाखवलं, तिने सिस्टीममध्ये तपासलं, वीस मिनिटं गेली. फोनमध्ये ठेवू नका, कागदावर न्या.

भावाचं लग्न छान झालं. करवली म्हणून मिरवले. मावशींनी, ज्यांनी आमचं जमवलं, त्यांनी कसं स्थळ सुचवलं ते हाताने दोन पानं लिहून दिलंय, मराठीत. त्याचं भाषांतर करून फायलीत लावणार आहे. ८२० अजून आलेला नाही.

सोनचाफा७ | १० डिसेंबर २०२५

स्वागत! आमच्या वहिनीचा ३०९ चा अर्ज जूनमध्ये पुण्याहून केला. ती ऑक्टोबरात टुरिस्ट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलीय, अर्जाचं सगळं सांगून. पत्रावर ८५०३ आहे, त्यामुळे जानेवारीत परत जाईल. भाऊ तिच्याबरोबर दोन आठवड्यांसाठी येतोय, संक्रांतीला. पहिलीच आहे, हलव्याचे दागिने आई करतेय.

गोदाकाठची | १० डिसेंबर २०२५

अय्या, माझे हलव्याचे दागिने टार्नीटला मैत्रिणींनी केले होते, सगळ्यांना चिकटले. फोटो लावलाय फायलीत.